कळणे आणि वळणे : बिटररूट खोऱ्यातील गोचीडतापाची कथा

अमेरिकेच्या वायव्य भागात मोंटाना नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, रॉकी पर्वताच्या दोन रांगांमध्ये, शंभरेक किलोमीटर लांबीचे एक खोरे आहे. खोऱ्याचे आणि त्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव एकच : बिटररूट. हे नाव तिथे उगवणाऱ्या एका कडवट मुळाच्या वनस्पतीवरून पडले. सेलिश या मूळ रहिवाशांच्या आहारात हे मूळ असे. १८९१ साली या सेलिशांच्या उरल्यासुरल्या लोकांना, त्यांचा प्रमुख शार्लो याच्यासह, खोरे सोडून उत्तरेकडच्या राखीव प्रदेशात जावे लागले. त्याच सुमारास गोऱ्या वसाहतवाल्यांची शेते, गुरे आणि लाकडाच्या वखारी तिथे झपाट्याने वाढत होत्या. तांब्याच्या खाणींचा धनाढ्य मालक मार्कस डेली याने खाणींना लाकूड पुरवण्यासाठी हॅमिल्टन हे गाव वसवले. डोंगरउतारावरची झाडे पडू लागली आणि त्यांच्या जागी झुडपांचे रान माजू लागले.

याच खोऱ्यात एक चमत्कारिक ताप होता. बर्फ वितळू लागले की तो येई आणि उन्हाळा पुरता तापला की नाहीसा होई. आधी थंडी वाजे, डोके आणि सांधे ठणकत, मग ताप चढे. तीन-चार दिवसांनी मनगटांवर आणि घोट्यांवर लालसर पुरळ उठे. ते हातापायांवरून अंगभर पसरे आणि पुढे काळेनिळे पडे. म्हणून लोक त्याला ‘काळा गोवर’ म्हणत. डॉक्टरांनी त्याला ‘ठिपक्यांचा ताप’ हे नाव दिले. रोगी दरवर्षी मोजकेच असत, पण खोऱ्यात ज्याला हा ताप येई तो सहसा वाचत नसे. दर चार प्रौढ रोग्यांपैकी जवळपास तीन दगावत. गंमत अशी की शेजारच्या आयडाहो राज्यात, दिसायला याच आजाराने, शंभरातले पाचेकच मरत.

दुसरे कोडे खोऱ्यातच होते. ताप यायचा तो नदीच्या पश्चिम काठावर. पूर्व काठावर तीच हवा, तीच माणसे, तशीच गुरे. पण तिकडे हा ताप जवळजवळ नव्हताच. पश्चिमेच्या डोंगरातून येणारे बर्फाचे पाणी प्यायल्याने हा रोग होतो, असा पुष्कळांचा समज होता. कुणी लाकडाच्या भुशाला दोष देत. वसंत ऋतूत पश्चिम काठावर पाऊल टाकू नये, एवढेच व्यवहारज्ञान सर्वांना होते.

या तापाचे कारण गोचीड आहे हे १९०६ साली निर्विवादपणे सिद्ध झाले. त्यावर हमखास लागू पडणारे औषध मिळाले १९४८ साली. मराठीत आपण म्हणतो, कळते पण वळत नाही. बिटररूटच्या बाबतीत कळण्यापासून वळण्यापर्यंत बेचाळीस वर्षे गेली. विज्ञानाच्या इतिहासात साधारणपणे शोधाची तारीख ठळक छापली जाते आणि त्यानंतरची वर्षे एका वाक्यात उरकली जातात. या लेखाचा विषय ती मधली वर्षे आहेत. ती कशात गेली आणि त्यांची किंमत कुणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

संशयित सापडतो

लोकांचा दबाव वाढला तेव्हा १९०१ साली मोंटाना राज्याने आरोग्य मंडळ स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठातून लुई विल्सन व विल्यम चाउनिंग या दोन तरुण संशोधकांना बोलावले. त्यांनी घरोघर फिरून रोग्यांच्या नोंदी गोळा केल्या. आजारी पडलेल्या बहुतेकांना आधी गोचीड चावली होती, असे त्यांना आढळले. गोचिडीचा आणि तापाचा हंगामही एकच होता. रोगाचा मूळ साठा जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारींमध्ये असावा, असा तर्क त्यांनी मांडला. इथवर ते योग्य मार्गावर होते. घसरले ते पुढच्या पायरीवर. गुरांना होणाऱ्या एका गोचीडजन्य तापाचे कारण एक सूक्ष्म आदिजीव आहे, हे अमेरिकेतच थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिले होते. तसाच आदिजीव आपल्याला माणसाच्या रक्तात दिसला, असे विल्सन आणि चाउनिंग यांनी जाहीर केले.

१९०४ साली केंद्र सरकारने चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाला पडताळणीसाठी पाठवले. त्याने रक्ताचे नमुने कसून तपासले. त्यात त्याला तसा कोणताही आदिजीव दिसला नाही, आणि तो खरोखरच नव्हता. परंतु आदिजीव खोटा ठरताच त्याने गोचिडीबद्दलही शंका व्यक्त केली. दोन स्वतंत्र विधाने एकाच गाठोड्यात बांधली गेली होती. एक फेकताना दुसरेही गेले. खोऱ्यातल्या ज्यांना गोचिडीची चर्चा नकोच होती, त्यांना हा अहवाल फार सोयीचा वाटला.

दरम्यान आयडाहोमध्ये, बॉइसी शहरी, मॅककॅला नावाच्या डॉक्टरने १९०५ साली एक धाडसी प्रयोग केला. तापाच्या रोग्याच्या अंगावरची गोचीड काढून त्याने ती एका निरोगी माणसाला, त्याच्या संमतीने, चावू दिली. त्याला ताप आला. तीच गोचीड मग एका स्त्रीला लावली. तिलाही ताप आला. दोघे बरे झाले. मात्र हा वृत्तांत छापून आला १९०८ साली, आणि तोवर हा मान दुसऱ्या कुणाला मिळाला होता.

तो दुसरा माणूस म्हणजे शिकागो विद्यापीठाचा पस्तिशीतला विकृतिशास्त्रज्ञ हॉवर्ड टेलर रिकेट्स. १९०६ च्या वसंतात तो मिसूला गावी आला. प्रयोगशाळेला जागा नव्हती, म्हणून रेल्वेच्या इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून त्याने काम सुरू केले. रोग्याचे रक्त गिनिपिगला टोचले की गिनिपिगला ताप येतो, हे त्याने आधी दाखवले. मग आजारी गिनिपिगला चावलेली गोचीड निरोगी गिनिपिगला लावली, आणि तोही आजारी पडला. सरकारी आरोग्य सेवेतील डब्ल्यू. डब्ल्यू. किंग याने जवळपास त्याच दिवसांत, स्वतंत्रपणे, हेच सिद्ध केले. आता शंकेला जागा उरली नाही.

रिकेट्सची दुसरी कामगिरी अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. रोगबीज गोचिडीच्या मादीकडून तिच्या अंड्यांत उतरते, असे त्याने दाखवले. डास माणसाकडून रोग घेतो आणि माणसाला देतो. माणसातला रोग संपला तर डासातलाही संपतो. इथे तसे नव्हते. गोचिडीला माणसाची गरजच नव्हती. रोग तिच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या राहू शकत होता आणि माणूस वाटेत आलेला एक बळी होता. खोऱ्यातल्या सर्व रोग्यांना वेगळे ठेवले असते, तरी पुढच्या वसंतात ताप आलाच असता.

गोचिडीच्या अंड्यांत आणि रोग्यांच्या रक्तात रिकेट्सला अतिसूक्ष्म, दंडाकार जंतूही दिसले. पण ते नेहमीच्या पद्धतीने वाढवता येईनात, म्हणून तो ठामपणे काही म्हणत नव्हता. राज्याकडून येणारा पैसाही लांबत चालला होता. कंटाळून तो मेक्सिको सिटीला गेला आणि उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापाचा अभ्यास करू लागला. ३ मे १९१० रोजी त्याच तापाने त्याचा अंत झाला. १९१६ साली ब्राझिलचा संशोधक रोशा लिमा याने टायफसच्या जंतूला नाव देताना रिकेट्सची स्मृती जपली. तेव्हापासून जंतूंच्या या गटाला ‘रिकेट्सिया’ म्हणतात. पुढे हार्वर्डच्या वोल्बाक याने बिटररूटच्या तापाचा जंतू तपशीलवार वर्णिला आणि त्याला ‘रिकेट्सिया रिकेट्सी’ हे नाव कायम झाले.

हौद आणि सुरुंग

कारण कळले. आता गोचीड मारायची. हे काम राज्याचा कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट कूली याने हाती घेतले. गोचिडीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू आणि त्यानंतरचे आठ पायांचे बाल्यरूप उंदीर-खारींसारख्या लहान जनावरांचे रक्त पितात. पूर्ण वाढलेली गोचीड गाय, घोडा, अस्वल, डोंगरी शेळी किंवा माणूस असे मोठे सावज शोधते. कुठल्या जनावरावर किती गोचिडी असतात याची मोजदाद करण्यासाठी रानात माणसे नेमली गेली. त्यांतला क्लॅरेन्स बर्डसाय हा तरुण पुढे गोठवलेल्या खाद्यपदार्थांचा उद्योजक म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. कूलीचा हिशेब सरळ होता : मोठ्या गोचिडींना रक्त मुख्यत्वे पाळीव गुरांकडून मिळते, तेव्हा गुरे सोमलाच्या पाण्यातून काढली तर अंडी घालण्यापूर्वीच गोचिडी मरतील.

त्यासाठी खोऱ्यात हौद बांधले गेले. गुरे आणून त्यात बुडवणे शेतकऱ्यांना बंधनकारक झाले. सोमलाने गुरांची कातडी भाजते, दूध आटते, अशा तक्रारी सुरू झाल्या. खोऱ्यात तेव्हा सफरचंदाच्या बागांसाठी जमिनी विकण्याची लाट होती. दूरदूरच्या शहरांतल्या लोकांना रमणीय खोऱ्याची चित्रे दाखवून जमिनी विकणाऱ्यांना या तापाचा उच्चारही नकोसा होता. पश्चिम काठाच्या पायथ्याशी राहणारे लाकूडतोडे आणि गरीब शेतकरी हे मरणारे होते. बाजार चालवणारे बहुधा पूर्व काठावरचे किंवा गावातले. एके रात्री एक हौद सुरुंग लावून उडवून देण्यात आला.

मराठी वाचकाला हे वाचून १८९७ चे पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन्हींची तुलना फार ताणू नये. पुण्यात परक्या सत्तेचे शिपाई घरात शिरत होते. मोंटानात शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले सरकार होते. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. रोगाचे कारण सरकारला पटले, पण ते लोकांना पटवून देण्याचे काम कुणी आपले मानले नाही. ज्याच्या गुरांची कातडी भाजते त्याच्या दृष्टीने गोचीड हा वाद होता आणि सोमल हे वास्तव.

या मोहिमेवर केंद्राने पाठवलेला डॉक्टर थॉमस मॅक्लिंटिक ऑगस्ट १९१२ मध्ये, हंगामाचे काम आटोपत असताना, त्याच तापाने मरण पावला. पुढे उंदीर-खारींना विषारी धान्य घालून पाहिले गेले, झुडपे जाळली गेली, मेंढ्या चारून गोचिडी कमी होतात का तेही पाहिले गेले. थोडाफार फरक पडला असेल, पण ताप गेला नाही. डोंगर अफाट होता, आणि डोंगरी शेळ्यांना हौदात कोण बुडवणार?

ओसाड शाळेतली माणसे

१९२१ साली राज्याच्या विधिमंडळातील एक सदस्य आणि त्यांची पत्नी या तापाने दगावली, तेव्हा राजधानीत खळबळ उडाली. केंद्रीय आरोग्य सेवेने डॉ. रॉस्को स्पेन्सर याला पाठवले. राल्फ पार्कर हा कीटकशास्त्रज्ञ तिथे आधीपासून काम करीत होता. हॅमिल्टनजवळ, नदीच्या पश्चिम काठावर, एक शाळेची इमारत ओसाड पडली होती. तीच त्यांची प्रयोगशाळा बनली.

कामाची पद्धत सांगायला सोपी होती. काठीला पांढरे फडके बांधायचे आणि वसंतात झुडपांवरून ओढत चालायचे. भुकेली गोचीड गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून बसलेली असते. फडके घासले की ती त्याला चिकटते. मग एकेक गोचीड चिमट्याने उचलून बाटलीत भरायची. शाळेत आणून ती जनावरांवर पोसायची, वाढवायची आणि शेवटी खलात कुटायची. हे सारे हातमोजे, वाऱ्याचे कपाट आणि आजची सुरक्षा नसलेल्या खोल्यांत चाले.

इथे स्पेन्सरच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. हिवाळ्यात उपाशी राहिलेल्या गोचिडी कुटून गिनिपिगला टोचल्या तर तो आजारी पडत नसे. मात्र नंतर खरा जंतू टोचला तरी तो टिकून राही. त्याच गोचिडी आधी रक्तावर पोसून मग कुटल्या तर गिनिपिग हमखास मरे. म्हणजे भुकेल्या गोचिडीत जंतू जणू निद्रिस्त असतो आणि ऊब व रक्त मिळाले की खवळतो. गोचीड अंगावर बसल्याबरोबर रोग का होत नाही, तिला काही तास रक्त प्यावे का लागते, याचाही उलगडा त्यातून झाला.

यातूनच लशीची कल्पना निघाली. रक्त पिऊन टरारलेल्या, जंतूंनी भरलेल्या गोचिडी कुटायच्या आणि कार्बोलिक आम्लाने जंतू मारून तो अर्क टोचायचा. १९ मे १९२४ रोजी स्पेन्सरने ती लस पहिल्यांदा स्वतःच्या दंडात टोचून घेतली. मुंबईत २७ वर्षांपूर्वी वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस अशीच आधी स्वतःला टोचली होती.

स्पेन्सर वाचला आणि नावारूपाला आला. १९३७ साली हॉलिवूडने ‘ग्रीन लाइट’ या चित्रपटात एरॉल फ्लिनला मोंटानात पाठवून अशाच डॉक्टरची भूमिका दिली. पण पडद्यावर न आलेली माणसे होती. ओसाड शाळेत मदतनीस म्हणून काम करणारा विल्यम गिटिंजर हा विद्यार्थी १९२२ मध्ये मरण पावला. रानातून गोचिडी आणणारा हेन्री कोवन १९२४ मध्ये गेला. १९२८ मध्ये लेरॉय कर्ली हा आणखी एक विद्यार्थी-मदतनीस गेला. त्यांच्याही आधी, १९१९ साली, राज्याच्या आरोग्य मंडळाचा जंतुशास्त्रज्ञ आर्थर मॅक्रे याच तापाने दगावला होता. लशीच्या प्रत्येक मात्रेमागे कुणीतरी कुटलेल्या गोचिडी होत्या. लस स्वस्तही नव्हती आणि पूर्ण संरक्षणही देत नव्हती. टोचून घेतलेल्याला ताप आला तर तो बहुधा सौम्य असे, हाच तिचा लाभ. तरी खोऱ्यातली माणसे दर वसंताआधी रांगेत उभी राहू लागली, कारण दुसरे काही नव्हते.

हौद उडवणाऱ्या खोऱ्याने लस स्वीकारली, पण प्रयोगशाळा सहजासहजी स्वीकारली नाही. राज्याने हॅमिल्टनमध्ये, नदीच्या पूर्वेला, नवी इमारत बांधायचे ठरवले तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. पश्चिम काठाच्या गोचिडी आमच्या दारात आणून ठेवणार, आणि त्या सुटल्या तर? न्यायालयाने इमारतीला परवानगी दिली. लोकांच्या समाधानासाठी इमारतीभोवती पाण्याचा खंदक राखण्यात आला, गोचिडींना ओलांडता येऊ नये म्हणून. आज हसू येते. पण ज्या प्रयोगशाळेतून एकामागून एक तरणी मुले उचलून न्यावी लागत होती, तिच्या शेजाऱ्यांनी खंदक मागितला, यात वेडेपणा कमी आणि अनुभव अधिक होता. १९२८ साली ही इमारत उभी राहिली. काही वर्षांतच केंद्र सरकारने ती विकत घेतली. हीच पुढची ‘रॉकी माउंटन लॅबोरेटरी’.

पेशीच्या आतला भाडेकरू

लस बनवणे एवढे अवघड का होते, याचे उत्तर जंतूच्या राहणीत आहे. पटकीचा किंवा प्लेगचा जंतू मांसरसात किंवा थाळीत वाढवता येतो. रिकेट्सिया जिवंत पेशीच्या आतच वाढतो. बाहेर त्याचा निभाव लागत नाही. माणसाच्या शरीरात तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशींमध्ये घुसतो. अस्तर फाटले की वाहिन्यांतून रक्त आणि पाणी झिरपू लागते. अंगावरचे पुरळ म्हणजे हे झिरपणे कातडीतून दिसणे. तेच मेंदूत, फुफ्फुसांत, मूत्रपिंडांत चालू असते, आणि माणूस त्याने मरतो.

१९३८ साली हॅमिल्टनच्याच प्रयोगशाळेत हेराल्ड कॉक्स याने कोंबडीच्या उबवत्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत रिकेट्सिया भरपूर वाढवून दाखवला. गोचिडी कुटण्याची गरज संपली. याच पद्धतीने बनवलेली टायफसची लस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना देण्यात आली. त्या काळी चमत्कार म्हणून गाजलेले पेनिसिलिन मात्र या तापावर निष्प्रभ होते. ते जंतूच्या भिंतीवर घाव घालते. पेशीत लपलेल्या या भाडेकरूपर्यंत त्याचा परिणामकारक वार पोचत नाही. पेशीत शिरून जंतूची प्रथिननिर्मिती थांबवणारी औषधे १९४८ मध्ये हाती आली : क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिनच्या कुळातले पहिले औषध ऑरिओमायसिन. वेळेत दिले की रोगी काही दिवसांत उठून बसू लागला. लशीची रांग हळूहळू ओसरली.

या बेचाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर ती आळसात गेली असे म्हणता येत नाही. त्यांतली काही वर्षे जंतूच्या स्वभावाने खाल्ली आणि त्याला कुणाचा इलाज नव्हता. काही वर्षे मात्र माणसांनी घालवली. एक चूक सापडली म्हणून खरे कारणही बाजूला सारले गेले. जमिनीचे भाव पडतील म्हणून रोगाचा उच्चार टाळला गेला. मरणारे पायथ्याचे गरीब होते, तोवर निधी लांबला. विधिमंडळाचा सदस्य गेला तेव्हा डॉक्टर आला. उपाय लादला गेला आणि तो का, हे सांगायचे राहिले. जंतूची गुंतागुंत सूक्ष्मदर्शकाखाली सुटली. या दुसऱ्या गुंत्याकडे पाहण्याची जबाबदारी कोणत्याच प्रयोगशाळेवर नव्हती.

काठांचे कोडे

खोऱ्यातल्या त्या जुन्या प्रश्नाचे, पश्चिम काठच का, याचे उत्तर मिळायला याहून जास्त काळ लागला. हॅमिल्टनमध्ये १९५१ साली विली बर्गडॉर्फर हा स्वित्झर्लंडचा तरुण संशोधक आला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. गोचिडींचे बारीक विच्छेदन ही त्याची खासियत. पूर्व काठावरच्या गोचिडींच्या अंडाशयात दुसराच, माणसाला निरुपद्रवी असा एक रिकेट्सिया ठाण मांडून बसला आहे, असे त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. एकदा ती जागा अडली की रोगकारक जंतूला अंड्यांत उतरता येत नाही. त्याची वंशपरंपरा तिथेच तुटते. १९९७ साली या निरुपद्रवी जंतूला ‘रिकेट्सिया पीकॉकी’ हे नाव मिळाले. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी काठांतला फरक बरोबर टिपला होता. पाण्याला दोष देण्यात ते चुकले, पण निरीक्षण खरे होते.

अशीच एक गोष्ट देशाच्या दुसऱ्या टोकाला घडली. कनेक्टिकटमधील लाइम गावात पॉली मरे ही गृहिणी कितीतरी वर्षे स्वतःच्या आणि मुलांच्या सांधेदुखीच्या, पुरळांच्या नोंदी ठेवत होती. डॉक्टर तिला गंभीरपणे घेत नव्हते. १९७५ साली तिने आणि आणखी एका आईने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले, आणि येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर यांनी शोध सुरू केला. गोचिडीवर संशय आला, पण जंतू सापडेना. १९८१ साली न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावरच्या गोचिडी हॅमिल्टनला आल्या. बर्गडॉर्फर त्यांच्यात रिकेट्सिया शोधत होता. त्याला दिसले मळसूत्रासारखे वळलेले लांब जंतू. तेच लाइम रोगाचे कारण निघाले आणि जंतूला ‘बोरेलिया बर्गडॉर्फरी’ हे नाव मिळाले. इथेही आजाराची पहिली वही एका घरच्या टेबलावर लिहिली गेली होती.

आपल्या अंगणात

हा सगळा परदेशाचा इतिहास म्हणून मिटून ठेवता येत नाही. जॉन मेगॉ या भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टरने कुमाऊंच्या डोंगरात गोचीड चावल्यानंतर स्वतःला आलेल्या तापाचे वर्णन १९१७ साली प्रसिद्ध केले. हा टायफससारखा ताप गोचिडीमुळे येत असावा, असे त्याने सुचवले. त्या तापाला पुढे ‘इंडियन टिक टायफस’ म्हणू लागले. त्याचा जंतू बिटररूटच्या जंतूचा चुलतभाऊ, ‘रिकेट्सिया कोनोराय’. महाराष्ट्रातूनही या गटातल्या तापाच्या रोग्यांच्या नोंदी झाल्या आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत. पुरळ आले तर गोवर वाटतो, न आले तर टायफॉइड किंवा डेंग्यू. टायफॉइडवर सर्रास दिली जाणारी बरीच औषधे इथे कामाची नसतात आणि मोलाचे दिवस निघून जातात.

सिंधुदुर्गात २०१६ साली माकडतापाची साथ आली, तेव्हा काजूच्या बागांत आणि रानात राबणाऱ्या माणसांमुळे गोचीड हा शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत आला. माकडताप विषाणूचा आहे. प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग नाही. म्हणूनच तर दोन्ही वेगळे ओळखणे गरजेचे. एकाला औषध नाही, दुसऱ्याला आहे आणि तेही स्वस्त. आज रिकेट्सियाच्या तापावर डॉक्सिसायक्लिन दिले जाते. ते पहिल्या पाच दिवसांत सुरू झाले तर बहुतेक रोगी वाचतात. रक्ततपासणीचा निकाल येईपर्यंत थांबू नये, संशय आला की औषध सुरू करावे, असा वैद्यकाचा स्पष्ट सल्ला आहे.

तरीही माणसे मरतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ॲरिझोनातील मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत आणि मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात बिटररूटचाच ताप मोकाट कुत्र्यांवरच्या गोचिडींतून उद्भवला. बळींत मुले पुष्कळ होती. कारण १९०६ पासून माहीत, औषध १९४८ पासून उपलब्ध. कमी पडली ती वेळेवर भेटणारी डॉक्टरमंडळी आणि कुत्र्यांची देखभाल. ॲरिझोनात काही वस्त्यांनी घरोघर जाऊन कुत्र्यांच्या गळ्यात गोचीडनाशक पट्टे बांधले, अंगणे फवारली, आणि रोगी लक्षणीयरीत्या कमी झाले. हे काम स्थानिक लोकांना सोबत घेऊन केले गेले. हौदांच्या काळात नेमके तेच राहून गेले होते.

गोचिडीचा नायनाट बिटररूटमध्ये आजही झालेला नाही. वसंतात ती गवताच्या शेंड्यावर बसलेली असतेच. तिकडचे लोक रानातून आल्यावर कपडे झटकतात, काखा, मान आणि केसांची मुळे तपासतात. गोचीड दिसली तर चिमट्याने तोंडाजवळ पकडून सरळ ओढून काढतात. तेल, चुना किंवा काडी लावत बसत नाहीत. आणि तापाचा रोगी आला की तिथला डॉक्टर विचारतो : रानात गेला होता का? घरात कुत्रे आहे का? अंगावर गोचीड सापडली होती का? आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात हे तीन प्रश्न विचारायला कुठल्याही यंत्राची गरज नाही, आणि आणखी बेचाळीस वर्षे थांबण्याचीही नाही.